ओल्या कागदावरची रोजनिशी

जलरंग या माध्यमाविषयी आपल्या मनात एक जुना धाक आहे. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या पिढ्यांना तो चांगलाच ठाऊक असेल. तैलरंगात चूक झाली तर वरून दुसरा थर देता येतो; पेन्सिलीची चूक रबराने खोडता येते; जलरंगाची चूक मात्र जन्मभर कागदावर राहते, असे आम्हांला शिकवले गेले. संकल्पचित्राच्या रेषेबाहेर रंग गेला की गुण गेले, आणि सपाट वॉशमध्ये डाग उमटला की कागदच वाया गेला. आमच्या चित्रकलेच्या गुरुजींनी एकदा आमचा असाच एक डागाळलेला कागद वर्गासमोर धरून दाखवला होता. त्या दिवशी मिटलेली रंगपेटी आम्ही पुढे चाळीस वर्षे उघडली नाही. गुरुजींना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. परीक्षेला जे हवे होते ते ते शिकवत होते. परंतु एका माध्यमाचा स्वभावच आम्ही त्यामुळे उलटा समजून बसलो, आणि तो गैरसमज केवळ आमच्या एकट्याचा नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

या धाकाला एक उदात्त बाजूही आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे 'ग्लो ऑफ होप' हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने त्याची ज्योत झाकणारी स्त्री, आणि तिच्या बोटांमधून पाझरणारा तो लालसर उजेड! 1945-46 च्या सुमारास रंगवलेले हे चित्र पाहणाऱ्यांपैकी अनेकांना ते तैलचित्र वाटते आणि कित्येक जण ते राजा रविवर्म्याचे समजतात. ते जलरंगात आहे हे कळल्यावर माणूस थक्क होतो. जलरंगावर मिळवलेल्या प्रभुत्वाचे हे शिखर आहे. तेथे पाणी चित्रकाराची आज्ञा पाळते. अशा चित्रापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु शिखर म्हणजे सगळा डोंगर नव्हे. जलरंगाची आणखी एक परंपरा आहे. ती राजवाड्याच्या भिंतीवर सहसा दिसत नाही; ती वहीच्या पानांत वाढली. चित्रकाराने स्वतःसाठी, प्रवासात, आजारात, रिकाम्या संध्याकाळी, शब्द आणि रंग एकत्र कालवून लिहिलेली ती रोजनिशी होय. अलीकडे 'आर्ट जर्नलिंग' या नावाने तिचा मोठा बोलबाला झाला आहे. त्या नव्या नावाकडे वळण्यापूर्वी जुन्या वह्या उघडून पाहणे इष्ट ठरेल.

प्रथम माध्यमाविषयी थोडेसे. जलरंग म्हणजे बारीक दळलेली रंगद्रव्याची पूड आणि बाभळीच्या कुळातील झाडाचा डिंक. बाकीचे सारे काम पाण्याचे. यात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. कागदाचा पांढरेपणा हाच त्यातला प्रकाश. कोरड्या कागदावर फटकारा दिला तर त्याची कड ठळक राहते. ओल्या कागदावर तोच फटकारा पसरतो आणि आपली हद्द आपणच ठरवतो. अल्ट्रामरीनसारख्या निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात व दाणेदार पोत देतात. अर्धवट वाळलेल्या थरावर पाण्याचा थेंब पडला की फुलकोबीच्या गड्ड्यासारखी नक्षी उमटते. वाळल्यावर प्रत्येक रंग थोडा फिका होतो. म्हणजे रंगवताना आपण जे पाहतो ते अंतिम चित्र नसतेच. आमच्या वसईच्या पावसाळ्यात तर हवेतच एवढे पाणी असते की सकाळचा वॉश दुपारपर्यंत ओला राहतो आणि आपण जेवायला बसलो तरी आपल्यामागे चित्र चालूच असते. तात्पर्य, या माध्यमात चित्रकार हा अर्धाच कर्ता आहे. उरलेला अर्धा भाग पाणी, कागद आणि हवा यांचा. ज्या माध्यमाचा स्वभावच असा, त्यात प्रयोग करणे हा छंदिष्टपणा ठरत नाही. ती त्या माध्यमाशी बोलण्याची एकमेव प्रामाणिक रीत ठरते.

ही रीत कोणी ओळखली असेल तर ती इंग्लंडच्या टर्नरने. 1818 साली फार्न्ले हॉल या आपल्या स्नेह्याच्या घरी असताना त्याने एका सकाळी एका मोठ्या युद्धनौकेचे जलरंगचित्र काढले. त्या घरातील मुलाने ते काम जवळ बसून पाहिले आणि त्याची आठवण पुढे नोंदली गेली. टर्नरने आधी कागद रंगाच्या पाण्याने पुरता भिजवून टाकला, मग तो खरवडला, घासला, नखाने ओरखडला. काही काळ तर सगळा गोंधळच दिसत होता. त्या गोंधळातून हळूहळू जहाज वर आले, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत चित्र तयार झाले. नखाचा उपयोग कुंचल्यासारखा! आमच्या गुरुजींनी हे पाहिले असते तर काय म्हणाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

परंतु हे चित्र निदान पुरे झालेले आहे. टर्नरचे त्याहून मोठे धाडस त्याच्या खाजगी संग्रहात होते. 1851 मध्ये तो वारला. मृत्युपत्राचा वाद मिटून 1856 मध्ये त्याचा ठेवा राष्ट्राकडे आला. त्यात तीसेक हजार कागद निघाले, आणि जवळजवळ तीनशे वह्या. त्यांतील काही पानांवर केवळ दोन-तीन रंगांचे पट्टे आहेत. खाली पिवळा, वर करडा, मध्ये कुठेतरी एक ओलसर निळाई. समुद्र म्हणावा तर समुद्र, पहाट म्हणावी तर पहाट. सूचिकार फिनबर्ग याने 1909 मध्ये त्यांना 'रंगारंभ' अशा अर्थाचे नाव दिले आणि ते रूढ झाले. टर्नरने हे कागद प्रदर्शनात मांडले नाहीत, आणि फाडूनही टाकले नाहीत. या दोन गोष्टी एकत्र ध्यानात घेतल्या तर वहीचा धर्म आपल्याला कळतो. जे दाखवायचे नाही पण टाकायचेही नाही, त्याचे घर म्हणजे वही.

येथे एक सावधगिरीचा शब्द. टर्नरचे उदाहरण देऊन 'शिकण्याची गरजच नाही' असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. तो चुकीचा आहे. इमारतींची काटेकोर चित्रे आणि इतरांच्या चित्रांच्या नकला करीत टर्नरची उमेदवारी गेली होती. पाणी केव्हा सोडून द्यावे हे त्याला कळत होते, कारण ते केव्हा धरून ठेवावे हे त्याने आधी शिकून घेतले होते. प्रयोगाचा आनंद अज्ञानाचा आनंद नसतो. मात्र तो ज्ञानाचे बक्षीसही नसतो. शिकाऊ हातालाही तो पहिल्या दिवशी मिळू शकतो. फरक इतकाच की जाणत्याला त्या आनंदाकडे पुन्हा परतता येते.

दुसरी वही फ्रान्सच्या दलाक्र्वाची. 1832 च्या जानेवारीत तो कोंत द मोर्ने यांच्या राजनैतिक शिष्टमंडळाबरोबर मोरोक्कोला गेला. टँजियरला उतरल्यापासून त्याने वह्या भरायला सुरुवात केली. अशा सात वह्या होत्या असे मानतात. त्यांतल्या तीन आज लूव्ह्र संग्रहालयात आणि एक शांतिय्यी येथे आहे. या वह्यांचे पान कसे असते? एका कोपऱ्यात तीन बोटांएवढे जलरंगातले दार, त्याखाली घाईने लिहिलेल्या चार ओळी, पलीकडे एका घोडेस्वाराची पाठ, आणि एखाद्या कपड्याच्या रंगाची केवळ शब्दांत नोंद, कारण रंग ओला करायला वेळ नव्हता. चित्राने जिथे दम टाकला तिथे शब्दाने ओझे उचलले आहे, आणि शब्द अपुरा पडला तिथे एक निळा ठिपका पुढे आला आहे. त्या फेब्रुवारीत त्याने टँजियरमध्ये एक ज्यू विवाह पाहिला. वहीतल्या त्या नोंदींवरून पुढे मोठे तैलचित्र झाले आणि ते 1841 च्या सलाँमध्ये मांडले गेले. नऊ वर्षे त्या वहीने तो दिवस ताजा ठेवला.

या कथेत आणखी एक गोष्ट आहे आणि आमच्या मते समीक्षकाने थांबावे ते तिच्यापाशी. परतीच्या प्रवासात, जुलै 1832 मध्ये, शिष्टमंडळाला तुलाँ बंदरात विलगीकरणात राहावे लागले. त्या सक्तीच्या रिकाम्या दिवसांत दलाक्र्वाने मोर्नेला भेट देण्यासाठी अठरा जलरंगचित्रांचा एक संग्रह तयार केला. ही चित्रे सुरेख आहेत. त्यांत पोशाख पूर्ण आहेत, माणसे नीट उभी आहेत, कडा स्वच्छ आहेत. आणि तरीही वहीतले ते तीन बोटांचे दार त्यांच्यापेक्षा अधिक जिवंत वाटते. असे का व्हावे? हात तोच, रंग तेच, देशही तोच. बदलला तो पाहणारा. वही लिहिताना दलाक्र्वासमोर फक्त ते दार होते. संग्रह रंगवताना त्याच्यासमोर दार आणि मोर्ने दोघेही होते. भेट देणे वाईट नाही, आणि चित्राला प्रेक्षक असणे हेही वाईट नाही. परंतु वहीत प्रेक्षक शिरला की वहीची भेटवस्तू होते, हे कबूल केले पाहिजे.

तिसरे उदाहरण पाउल क्लेचे. 1914 च्या एप्रिलमध्ये तो आउगुस्ट माके आणि लुई म्वालिये या मित्रांसह ट्युनिसियाला गेला. दोन आठवड्यांहून कमी काळाचा प्रवास; पण त्या उन्हात, जलरंगाच्या चौकोनी तुकड्यांशी खेळताखेळता, रंग आपल्याला गवसला असे क्लेला वाटले आणि रोजनिशीत तशी नोंद आली. कलेच्या इतिहासात ती नोंद प्रसिद्ध आहे. मात्र क्लेने आपली रोजनिशी पुढे स्वतःच नीट उतरवून काढली, सुधारली, घडवली. ती ग्रंथरूपाने आली 1957 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. म्हणजे तो प्रसिद्ध क्षण आपल्यापर्यंत येईतो एकदा इस्त्री होऊन आला आहे. आम्ही त्याला खोटे म्हणत नाही. पण शब्द मागाहून सुधारता येतात. त्या एप्रिलमध्ये कागदावर वाळलेले पिवळे आणि तांबूस चौकोन मागाहून हलत नाहीत. चित्र आणि शब्द एका वहीत नांदत असतील तर त्यांतला अधिक भरवशाचा साक्षीदार कोणता, याचे उत्तर येथे मिळते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये माके महायुद्धात मारला गेला. त्याचीही ट्युनिसियातली जलरंगचित्रे मागे राहिली. ती पाहताना मनाला चटका बसतो तो अशासाठी की त्यांत मृत्यूची चाहूल कोठेही नाही. केवळ ऊन आहे.

हे सारे परदेशी झाले, असे कोणी म्हणेल. आपल्याकडेही प्रयोगाची ही ओल होती. 1903 मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्यास आले. ताइकान चित्रावर पाण्याचा कुंचला फिरवतो हे अवनींद्रनाथ ठाकुरांनी पाहिले, आणि ते एक पाऊल पुढे गेले: त्यांनी रंगवलेला अख्खा कागदच पाण्यात बुडवला. जे रंग धुऊन गेले ते गेले. जे उरले ते कागदात मुरले आणि त्यांवर धुक्याची एक मऊ साय आली. बंगालची प्रसिद्ध वॉश पद्धती ती हीच. रंगवलेले चित्र पाण्यात बुडवणारा हात किती निर्भय असला पाहिजे! त्या परंपरेत शिकून आलेले गोव्याचे अँजेलो द फोन्सेका हे तर आपल्याच घरचे. त्यांनी मातेला साडी नेसवली, तिच्या पायांखाली आपली माती दिली. त्यावरून गोव्यात त्यांना विरोध झाला, आणि पुढचे आयुष्य त्यांनी पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाच्या आसऱ्याने चित्रे काढीत घालवले. 1967 मध्ये ते निवर्तले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. प्रयोगाचा आनंद फुकट मिळत नाही, काहींना तो आपले गाव देऊन विकत घ्यावा लागतो, हे फोन्सेका यांच्याकडे पाहून कळते.

आता आजच्या आर्ट जर्नलिंगकडे वळू. दुकानांत त्यासाठी वेगळी कपाटे असतात: ठसे, चिकटपट्ट्या, छापील सुविचार, आधीच आखलेली पाने. रोज काय काढावे याच्या तयार याद्या मिळतात. पान पुरे झाले की त्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून शेकडो लोकांकडे जाते. यातील पुष्कळ पाने देखणी असतात. पण दहा वह्या चाळल्या तर अकरावीत काय असेल ते आधीच सांगता येते: कोपऱ्यात एक निळसर वॉश, त्यावर वळणदार अक्षरांत एक उपदेश, आणि खाली दोन पाने-फुले. ज्या वहीचा जन्म चुकण्याच्या स्वातंत्र्यासाठी झाला, तीत चूक औषधालाही सापडत नाही. परीक्षेचा हॉल आम्ही सोडून आलो खरे, पण येताना परीक्षक बरोबर घेऊन आलो. आमची तक्रार आहे ती एवढीच.

मात्र या चळवळीची कुचेष्टा करणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. दिवसभर घर आणि नोकरी ओढून रात्री अर्धा तास रंगपेटी उघडणाऱ्या बाईला किंवा निवृत्तीनंतर प्रथमच कुंचला धरणाऱ्या गृहस्थाला छापील पानाचा आधार वाटत असेल, तर तो त्यांनी खुशाल घ्यावा. पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतातच. तो कधीतरी सोडायचा असतो, इतके ध्यानात असले म्हणजे झाले. आणि हा सुखवस्तू लोकांचा विरंगुळा आहे, हा आक्षेप तर साफ चुकीचा आहे. मेक्सिकोच्या फ्रिडा काहलोने आयुष्याच्या शेवटच्या दहाएक वर्षांत एक चित्ररोजनिशी ठेवली. तिची हुबेहूब आवृत्ती 1995 मध्ये निघाली. 1925 च्या अपघाताने मोडलेले शरीर, असंख्य शस्त्रक्रिया, आणि 1953 मध्ये कापलेला पाय असे हे आयुष्य. त्या वहीत शाईचे डाग सांडले आहेत आणि त्या डागांना तिने डोळे, चेहरे, प्राणी बहाल केले आहेत. वेदना त्या पानांत आहे, आणि डागातून काय निघते ते पाहण्याची पोरकट म्हणावी अशी उत्सुकताही आहे. दोन्ही एकाच पानावर आहेत. आनंद म्हणजे दुःखाचा अभाव, ही आमची व्याख्या ही वही पाहिल्यावर आम्हांला सोडून द्यावी लागली.

ती सोडण्याचे दुसरे कारण घरातले आहे. आमच्या थोरल्या बहिणीला एका पावसाळ्यात अर्धांगवायू झाला. उजवे अंग गेले, वाचा गेली. जन्मभर तिने वाडीत फुले खुडली, पहाटेच्या गाडीसाठी दादरच्या बाजाराच्या पाट्या भरल्या. चित्राशी तिचा संबंध कधी आला नव्हता. तिच्या उशाशी बसून वेळ जाईना म्हणून आम्ही चाळीस वर्षांनी रंगपेटी आणली. एके दिवशी तिने डाव्या हाताने कुंचला मागितला. ओल्या कागदावर तिने पिवळा ठिपका टेकवला. तो पसरत गेला, कडेला गेला, थांबला. ती हसली. आजारपणानंतर तिला आम्ही प्रथम हसताना पाहिले. मग रोज एक पान होऊ लागले. कधी पिवळा, कधी हिरवा. कधी हिरव्याकडे बोट करून मग ती खिडकीबाहेरच्या बावखलाकडे दाखवी, तेव्हा कळे की ते पाणी आहे. पानाखाली तारीख आम्ही लिहायची, असा अलिखित करार होता. पान वाळेपर्यंत ती वही मिटू देत नसे.

एका दुपारी ती झोपली असताना तिच्या एका पिवळ्या डागाला आम्ही हिरवा देठ काढला आणि दोन पाने काढली. सोनचाफा झाला. आमच्या मते पान आता पुरे झाले होते. जागी झाल्यावर तिने ते पाहिले, डाव्या हाताने वही दूर सारली, आणि पुढचे नऊ दिवस तिने कुंचला धरला नाही. तो सोनचाफा नव्हताच. तो काय होता हे ती सांगू शकत नव्हती, आणि आम्ही तिला विचारलेही नव्हते.

दुसऱ्याच्या वहीला देठ काढण्याची ही खोड समीक्षकांची जुनी आहे. टर्नरच्या पट्ट्यांना 'आरंभ' म्हणणे हाही एक देठच असेल. त्याच्या दृष्टीने ते कदाचित तेवढेच आणि तिथेच पुरे होते. जलरंगाच्या वहीपुढे समीक्षकाने काय करावे, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आमचे उत्तर साधे आहे: रंग कुठून कुठे गेला ते पाहावे, तो जिथे थांबला तिथे थांबावे, आणि तारीख लिहावी.

दहाव्या दिवशी तिने पुन्हा कुंचला मागितला. त्यानंतरची पाने बावीस आहेत. बहीण आता नाही, वही आहे. देठ काढलेले ते पान फाडून टाकावे असे कितीदा वाटले, पण टाकले नाही. गुरुजी म्हणत तेच खरे, जलरंगाची चूक पुसता येत नाही. फक्त ती चूक कोणाची आणि कोणती, हे ओळखायला आम्हांला चाळीस वर्षे लागली.